घरी स्वच्छ दिसणारे चित्र समारंभात फिकट का पडते : कमी खर्चाचा पोर्टेबल प्रोजेक्टर आणि पडदा निवडताना

पोर्टेबल प्रोजेक्टर घेतलेल्या अनेकांना एकच अनुभव पुन्हा पुन्हा येतो. प्रोजेक्टर घरी आणला, रात्री दिवे मालवून भिंतीवर चित्र पाहिले आणि ते इतके स्वच्छ दिसले की निवड बरोबर झाल्याची खात्री पटली. पुढे समारंभाच्या दिवशी सभागृहात मोठा पडदा लावून तोच व्हिडिओ सुरू केला, तेव्हा मात्र रंग विटल्यासारखे झाले, सावलीतले चेहरे ओळखू येईनात आणि मागच्या रांगांतल्या लोकांना नुसता हलणारा पांढुरका चौकोन दिसत राहिला. अशा वेळी माणूस घाईने सेटिंगमध्ये जाऊन ब्राइटनेस वाढवतो, त्यामुळे चित्र आणखी धुरकट होते, आणि पुढच्या वेळी खोक्यावर अधिक मोठा आकडा छापलेला प्रोजेक्टर घेतला जातो. तोही तसाच निघतो. मी स्वतः दोन वेळा अशी खरेदी केली आहे, आणि दुसऱ्यांदाही चित्र फिके पडल्यावर पहिल्यांदा हातात लक्समीटर, म्हणजे उजेड मोजणारे उपकरण, घेतला.

कारण दोन्ही वेळा एकच होते. प्रोजेक्टर पडद्यावर उजेड टाकू शकतो, काळोख टाकू शकत नाही. चित्रातला काळा भाग म्हणजे पडद्याचा असा भाग, जिथे प्रोजेक्टर जवळपास काहीच उजेड पाठवत नाही; तिथे दिसतो तो खोलीतल्या दिव्यांचा आणि खिडक्यांचा उजेड. सभागृह उजळलेले असेल तर चित्रातला काळा रंग राखाडी होतो, आणि बाकीचे सगळे रंग त्या राखाडी थरावर चढलेले असल्यामुळे विटके दिसतात. म्हणून चित्र फिके पडते तेव्हा प्रश्न केवळ प्रोजेक्टर किती उजेड देतो एवढाच नसतो. तो उजेड किती क्षेत्रफळावर पसरला आहे आणि त्याच पडद्यावर बाहेरचा उजेड किती पडतो आहे, हे दोन प्रश्न तितकेच महत्त्वाचे असतात आणि त्यांची उत्तरे कोणत्याही खोक्यावर छापलेली नसतात.

आकड्यांत पाहिले की हे नीट उलगडते. ल्युमेन हे प्रोजेक्टरमधून बाहेर पडणाऱ्या एकूण उजेडाचे माप आहे, आणि एका चौरस मीटरवर एक ल्युमेन प्रकाश पडला की त्याला एक लक्स म्हणतात. १६:९ प्रमाणातला, कर्णात मोजून १०० इंची पडदा सुमारे २.२१ मीटर रुंद आणि १.२५ मीटर उंच असतो, म्हणजे त्याचे क्षेत्रफळ सुमारे २.७६ चौरस मीटर भरते. खरोखर ३०० ल्युमेन देणारा प्रोजेक्टर या पडद्यावर साधारण ११० लक्स टाकतो. घरी रात्री दिवे बंद असताना पडद्यावर बाहेरचा १ लक्स पडत असेल, तर पांढऱ्या आणि काळ्या भागातले प्रमाण सुमारे ११०:१ येते आणि चित्र उठून दिसते. तोच प्रोजेक्टर आणि तोच पडदा दिवे लावलेल्या सभागृहात नेला, जिथे पडद्यावर १०० लक्स सहज पडतात, की हे प्रमाण २:१ वर येते, कारण बाहेरचा उजेड पांढऱ्या आणि काळ्या दोन्ही भागांवर सारखाच पडतो. यंत्रात काहीही बिघडलेले नसते.

या प्रमाणाची योग्य पातळी कोणती, हे ठरवायला एक आधार आहे. इन्फोकॉम या दृक्‌श्राव्य क्षेत्रातल्या संघटनेने २०११ मध्ये जे मानक तयार केले, त्यात साध्या पाहण्यापुरते ७:१, मजकूर आणि आकृत्या वाचून साधे निर्णय घेण्यासाठी १५:१, बारीक तपशील तपासण्यासाठी ५०:१ आणि चित्रपटासारख्या पाहण्यासाठी ८०:१ असे प्रमाण सांगितले आहे. समारंभातल्या व्हिडिओसाठी ८०:१ चा आग्रह धरला तर कमी खर्चात काहीच बसणार नाही. माझ्या मते १५:१ हे वाजवी लक्ष्य आहे, कारण या पातळीला चेहरे ओळखता येतात आणि नावे वाचता येतात. ७:१ च्या खाली मात्र प्रेक्षक थोड्याच वेळात पडद्याकडे पाहणे सोडतात.

हे लक्ष्य धरले की लागणारे ल्युमेन काढणे सोपे आहे : पडद्यावर पडणारे बाहेरचे लक्स, गुणिले १४, गुणिले पडद्याचे चौरस मीटर (पांढऱ्या भागातला १५ पैकी एक वाटा बाहेरचाच उजेड देतो, म्हणून १४). १०० इंची पडद्यावर १० लक्स पडत असतील तर सुमारे ४०० खरे ल्युमेन पुरतात, ३० लक्स पडत असतील तर साडेअकराशेच्या आसपास लागतात, आणि १०० लक्स असतील तर ही गरज ३,९०० च्या जवळ जाते, जी हातात मावणारा कोणताही स्वस्त प्रोजेक्टर भागवू शकत नाही. खरेदीच्या आधी एवढा एक गुणाकार केला असता तर माझी दुसरी खरेदी टळली असती.

बाहेरचा उजेड मोजायचा कसा

अनेक मोबाइल फोनमध्ये उजेड ओळखणारा संवेदक पुढच्या बाजूला असतो आणि लक्स दाखवणारी अनेक ॲप त्याचाच उपयोग करतात. हे आकडे अचूक नसतात, पण २० लक्स आणि १०० लक्स यांतला फरक सांगण्याइतके भरवशाचे असतात. जिथे पडदा उभा राहणार आहे तिथे, कार्यक्रमाच्याच वेळी आणि कार्यक्रमात जे दिवे चालू राहतील ते लावून, फोनचा काचेचा भाग प्रेक्षकांच्या दिशेने धरून मोजावे, कारण पडद्याचे तोंडही त्याच दिशेला असणार आहे. फोन छताकडे धरून घेतलेला आकडा उपयोगाचा नाही. आपल्या अंगाची सावली फोनवर पडू देऊ नये आणि पडद्याच्या मधोमध तसेच दोन्ही कडांना असे निदान तीन वेळा मोजावे.

मोकळ्या मैदानातला कार्यक्रम असेल तर घड्याळच निर्णायक ठरते. सूर्य मावळण्याच्या क्षणी आकाशाचा उजेड काहीशे लक्स असतो. सूर्य क्षितिजाखाली ६ अंश गेल्यावर, म्हणजे नागरी संधिप्रकाश संपताना, तो निरभ्र आकाशात सुमारे ३ ते ४ लक्सवर येतो. विषुववृत्ताजवळ या दोन क्षणांत वीस-पंचवीस मिनिटांचे अंतर असते आणि ध्रुवांकडे जावे तसे ते वाढत जाते. त्यामुळे सूर्यास्तालाच व्हिडिओ ठेवून चित्र दिसत नाही म्हणून प्रोजेक्टरला दोष देण्यापेक्षा कार्यक्रमपत्रिकेत व्हिडिओ अर्धा-पाऊण तास पुढे सरकवणे हा बिनखर्चाचा उपाय आहे.

प्रोजेक्टर आधीच घेतलेला असेल तर

नवीन खरेदीपूर्वी जे करून पाहावे, त्यात पहिला क्रम पडद्यावर थेट पडणारे दिवे बंद करण्याचा आहे. संपूर्ण सभागृह अंधारे करण्याची गरज नसते. मंचावरचे आणि पडद्यासमोरच्या दोन ओळींतले दिवे बंद ठेवून मागचे आणि वाटेवरचे दिवे चालू ठेवले तरी मोठा फरक पडतो. वरच्याच उदाहरणात ३०० ल्युमेनचा प्रोजेक्टर कायम ठेवून पडद्यावरचा उजेड १०० वरून १० लक्सवर आणला, तर प्रमाण २:१ वरून १२:१ होते. त्याउलट दिवे तसेच ठेवून तिप्पट ताकदीचा, ९०० ल्युमेनचा प्रोजेक्टर आणला, तरी प्रमाण ४:१ च्या थोडे पुढे जाऊन थांबते. दिव्यांची बटणे कुठे आहेत आणि ती कोण दाबणार आहे, हे आधी ठरवणे तिप्पट खर्चापेक्षा अधिक फळ देते, आणि तरीही तयारीच्या यादीत ही गोष्ट बहुधा नसते.

दिवे बंद करणे शक्य नसेल तर चित्र लहान करावे. ६० इंची चित्राचे क्षेत्रफळ १०० इंची चित्राच्या ३६ टक्के असते, त्यामुळे तेच ३०० ल्युमेन जवळपास तिप्पट दाट पडतात. मोठा पडदा भरलाच पाहिजे अशी आपली समजूत असते, पण विटक्या मोठ्या चित्रापेक्षा नीट दिसणारे लहान चित्र लोक आवडीने पाहतात. मात्र याला एक मर्यादा आहे : शेवटचा प्रेक्षक चित्राच्या उंचीच्या सहापटीपेक्षा दूर नसावा, असा रूढ ठोकताळा आहे. १०० इंची चित्रासाठी हे अंतर साडेसात मीटर आणि ६० इंचीसाठी साडेचार मीटर येते. लोक त्याहून लांब बसणार असतील आणि उजेडही हटवता येत नसेल, तर स्वस्त पोर्टेबल प्रोजेक्टर हे त्या कामाचे साधन नाही, हे मान्य करून त्या एका दिवसापुरता मोठा प्रोजेक्टर भाड्याने घ्यावा.

ब्राइटनेस या सेटिंगबद्दलचा गैरसमजही येथेच दूर करायला हवा. या सेटिंगने बहुतेक प्रोजेक्टरमध्ये दिव्याचा उजेड वाढत नाही, तर चित्रातला काळा भाग वर उचलला जातो, म्हणून ते वाढवल्यावर चित्र अधिक धुरकट होते. ते मूळ जागी ठेवावे आणि दिव्याची ताकद ठरवणारा पर्याय वेगळा शोधावा. तो इको, स्टँडर्ड, हाय अशा नावांनी असतो. प्रोजेक्टर बॅटरीवर चालत असेल तर अनेक यंत्रे हा उजेड आपोआप उतरवतात. घरी चार्जर लावून पाहिलेले चित्र आणि समारंभात बॅटरीवर दिसणारे चित्र यांत फरक पडण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे.

खोक्यावरचा आकडा

कमी खर्चाच्या प्रोजेक्टरवर छापलेले हजारो ल्युमेन पुष्कळदा कोणत्याच मान्य पद्धतीने मोजलेले नसतात. काही ठिकाणी हा आकडा प्रकाशस्रोताचा असतो, म्हणजे काच, पॅनेल आणि भिंगातून जाण्यापूर्वीचा, आणि त्या प्रवासात उजेडाचा मोठा भाग वाया जातो. पडद्यावर प्रत्यक्ष पोहोचणारा उजेड पाहायचा असेल तर अॅन्सी (अमेरिकेची मानक संस्था) ल्युमेन किंवा आयएसओ २१११८ या मानकानुसार दिलेले ल्युमेन पाहावेत. अॅन्सीच्या पद्धतीत पूर्ण पांढऱ्या चित्राचे नऊ समान भाग करून प्रत्येकाच्या मध्यावर लक्स मोजतात आणि त्यांच्या सरासरीला चित्राच्या क्षेत्रफळाने गुणतात. ज्या खोक्यावर नुसते 'ल्युमेन' किंवा 'एलईडी ल्युमेन' लिहिले आहे आणि पद्धतीचे नाव नाही, तो आकडा तुलनेसाठी धरू नये.

हीच चाचणी दुकानात किंवा परत करण्याच्या मुदतीत घरीही करता येते. अंधाऱ्या खोलीत पूर्ण पांढरे चित्र लावावे, भिंतीला पाठ टेकवून फोन प्रोजेक्टरकडे तोंड करून धरावा आणि नऊ ठिकाणी वाचन घ्यावे. फोन अचूक नसला तरी एकाच फोनने दोन प्रोजेक्टर तपासले की त्यांच्यातली तुलना बरोबर येते. यानंतर पूर्ण लाल, पूर्ण हिरवे आणि पूर्ण निळे चित्र लावून चित्राच्या मध्यावरचे लक्स घ्यावेत. या तिघांची बेरीज तिथल्याच पांढऱ्याच्या आकड्याजवळ येत असेल तर उत्तम. ती बरीच कमी भरत असेल तर त्या यंत्रात पांढरा रंग फुगवलेला आहे आणि माणसांच्या त्वचेचे, कपड्यांचे आणि फुलांचे रंग मंद दिसतील. फिरत्या रंगचक्रातून एकेक रंग पाळीपाळीने टाकणाऱ्या एका चिपच्या डीएलपी प्रोजेक्टरमध्ये, त्या चक्रात पांढरा भाग असेल तर असे घडते. समारंभाच्या व्हिडिओत बहुतेक चौकटी माणसांनी आणि रंगांनीच भरलेल्या असतात, त्यामुळे ही चाचणी मी पांढऱ्याच्या चाचणीइतकीच महत्त्वाची मानतो.

रिझोल्युशनच्या बाबतीत 'सपोर्टेड' आणि 'नेटिव्ह' हे दोन शब्द वेगळे ओळखावेत. सपोर्टेड १०८० याचा अर्थ तेवढा सिग्नल यंत्र स्वीकारते. पडद्यावर दिसणारे ठिपके नेटिव्ह आकड्याएवढेच असतात, जो ८५४ × ४८० असू शकतो. एवढ्या कमी ठिपक्यांत नावांची अक्षरे फाटलेली दिसतात. १२८० × ७२० पासून पुढे काम भागते, आणि त्याच खर्चात अधिक ठिपके की अधिक खरा उजेड अशी निवड करावी लागली, तर मी निःशंकपणे उजेड घेईन.

पडदा

पडद्यावर खर्च करायला लोक कचरतात आणि पांढरी चादर ताणतात. पातळ कापडातून उजेडाचा एक भाग मागे निघून जातो आणि मागच्या खिडकीचा उजेड पुढे येतो, म्हणजे नुकसान दोन्ही बाजूंनी होते. कापडामागे फोनचा टॉर्च धरून पाहावा. प्रकाशाचा ठिपका स्पष्ट दिसला तर ते कापड पुढून चित्र टाकण्यासाठी योग्य नाही. मागे काळा थर असलेला, गेन (पडदा समोर किती उजेड परत फेकतो याचे माप) सुमारे १.० असलेला, झळाळी नसलेला पांढरा पडदा समारंभासाठी सर्वांत भरवशाचा असतो. गेन अधिक असलेला पडदा समोर बसलेल्यांना उजळ दिसतो, पण कडेला बसलेल्यांना मंद दिसतो, आणि समारंभात लोक कडेला बसतातच. राखाडी पडद्याने काळा रंग गडद वाटतो खरा, मात्र तो प्रोजेक्टरचा उजेडही तेवढाच गिळतो, म्हणून कमी ल्युमेनच्या यंत्रासोबत तो घेऊ नये.

पोर्टेबल पडद्याची खरी अडचण सुरकुत्यांची असते. घडी घालून पाठवलेल्या पडद्याच्या घड्या चित्रात उभ्या-आडव्या रेषा होऊन दिसतात आणि कॅमेरा आडवा फिरताना त्या अधिकच जाणवतात. थोडे ताणले जाणारे कापड चारही बाजूंच्या छिद्रांतून लवचीक दोरीने चौकटीला बांधले तर त्या निघतात. केवळ वरून टांगलेला पडदा खाली झोळ घेतो. एकदा सरळ झालेला पडदा पुन्हा घडी न घालता नळीवर गुंडाळून ठेवावा. भोवती काळी पट्टी असलेला पडदा घेतल्यास चित्राची किंचित वाकडी कड त्या पट्टीत लपते. सभागृहात गुळगुळीत, चकाकी नसलेली पांढरी भिंत मिळत असेल तर ती कोणत्याही स्वस्त पडद्यापेक्षा सरस ठरते.

मोकळ्या जागेत वारा हा पडद्याचा वैरी आहे. सेकंदाला १० मीटर वेगाचा वारा चार चौरस मीटरच्या पडद्याला २५ किलो वजनाएवढा, कधी त्याहूनही अधिक रेटा देतो आणि हलक्या तिपाईवरचा पडदा त्यात उलटतो. समोर मुले बसलेली असतात, म्हणून ही गोष्ट चित्राच्या दर्जापेक्षाही मोठी आहे. पायांवर वाळूच्या पिशव्या ठेवाव्यात, वरच्या कोपऱ्यांतून मागे-पुढे दोऱ्या ताणाव्यात आणि वारा वाढला तर पडदा निःसंकोच उतरवावा.

चित्र वाकडे किंवा कोपऱ्यांत अस्पष्ट दिसत असेल तर

चित्राच्या रुंदीला थ्रो रेशोने (अंतर आणि चित्राची रुंदी यांच्या प्रमाणाने) गुणले की प्रोजेक्टर किती लांब ठेवावा लागेल ते कळते. १.२ थ्रो रेशो असलेल्या यंत्राला १०० इंची चित्रासाठी सुमारे २.६५ मीटर अंतर लागते, म्हणजे तो प्रेक्षकांच्या मध्येच येतो. जागेअभावी मग तो जमिनीवर किंवा बाजूला ठेवून वर तिरका केला जातो, चित्र समलंब चौकोनासारखे होते आणि ते किस्टोन या सेटिंगने सरळ करण्यात येते. डिजिटल किस्टोन हे चित्र आक्रसून सरळ करते. त्यात ठिपकेही जातात आणि उजेडही. कमी ल्युमेनच्या यंत्राला ही हानी परवडत नाही. म्हणून प्रोजेक्टर मजबूत स्टँडवर, पडद्याच्या मध्यरेषेवर आणि यंत्राच्या रचनेप्रमाणे चित्राच्या खालच्या कडेजवळ किंवा मध्याजवळ ठेवून किस्टोन शून्यावर आणावे. बसलेल्यांच्या डोक्यांवरून चित्र दिसावे यासाठी पडद्याची खालची कड जमिनीपासून निदान १.२ मीटर वर हवी.

स्वयंचलित फोकस आणि स्वयंचलित किस्टोन एकदा जुळवून झाल्यावर बंद करावे. कोणी टेबलाला धक्का दिला की अनेक यंत्रे चालू व्हिडिओवर चाचणीची आकृती दाखवून पुन्हा मोजमाप करू लागतात. तसेच यंत्र तापल्यावर फोकस थोडा सरकतो, म्हणून कार्यक्रमाच्या २० मिनिटे आधी ते चालू करून मगच अंतिम फोकस करावा.

आवाज, फाइल आणि वीज

ओठ आणि आवाज जुळत नसतील तर बहुधा ब्लूटूथ स्पीकर कारणीभूत असतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीत आवाज सुमारे १२५ मिलिसेकंद मागे राहिला की तो जाणवतो असे नमूद आहे, आणि ब्लूटूथचा विलंब ही मर्यादा सहज ओलांडतो. साधी ऑडिओ केबल लावली की प्रश्न मिटतो. स्पीकर पडद्याजवळ ठेवावा, प्रोजेक्टरजवळ नव्हे.

फाइल उघडत नाही किंवा चित्र येते पण आवाज येत नाही, अशी तक्रार असेल तर व्हिडिओ एमपी४ स्वरूपात, एच.२६४ पद्धतीचे चित्र आणि एएसी पद्धतीचा आवाज ठेवून पुन्हा काढून घ्यावा. नव्या फोनमधले एचडीआर (उजेड-अंधाराचा मोठा पल्ला टिपणारे) चित्रण स्वस्त प्रोजेक्टरवर करडे दिसते, ते साध्या रंगपट्ट्यात रूपांतरित करावे. फॅट३२ पद्धतीने तयार केलेल्या पेन ड्राइव्हवर ४ जीबीहून मोठी फाइल बसत नाही. फोनचा पडदा प्रोजेक्टरवर दाखवताना एखाद्या ॲपचे चित्र काळे पडत असेल तर तो बिघाड नसून प्रतिलिपी-संरक्षणाचा परिणाम असतो, म्हणून आपला व्हिडिओ फाइलच्या रूपात जवळ ठेवावा आणि इंटरनेटवर विसंबू नये. संध्याकाळचे अंधारे चित्रण व्हिडिओ तयार करतानाच थोडे उजळ करावे, कारण १५:१ च्या प्रमाणात गडद सावल्यांतले चेहरे हरवतात.

यंत्र मध्येच बंद पडत असेल तर आधी हवा जाण्याच्या जाळ्या मोकळ्या आहेत का ते पाहावे. टेबलावर पसरलेले जाड कापड त्या बुजवते आणि तापलेले यंत्र स्वतःला बंद करते. बॅटरीवर संपूर्ण व्हिडिओ एकदा अखेरपर्यंत चालवून पाहिल्याशिवाय तिच्यावर भरवसा ठेवू नये. पॉवर बँक वापरायची असेल तर ती यंत्राला लागणारे वॉट देते का, हे दोन्हींवरचे आकडे शेजारी ठेवून तपासावे, कारण कमी पडणारी पॉवर बँक यंत्र चालू करते आणि उजेड पूर्ण वाढवताच ते बंद पडते.